जयरामसाहेबांचा कान

ज्या कानामुळे मी नोकरीत कायम झाले, तो कान माझा नव्हता. तो दारूबंदी खात्याचे सब-इन्स्पेक्टर जयरामसाहेब यांचा उजवा कान होता. त्याचे उपकार फिटण्यासारखे नाहीत, म्हणून निदान ते लिहून ठेवावेत एवढाच या लिहिण्याचा हेतू.

एकोणीसशे एकोणसाठ साल. मालवणातल्या एका हायस्कुलात मी शास्त्र शिकवत होते. माझी विधवा आत्या अक्का आणि मी कोन्सेसांवबायच्या घराच्या अर्ध्या भागात भाड्याने राहत होतो. दोन वर्षांची उमेदवारी मे महिन्यात संपणार होती. त्यानंतर शाळेची कमिटी एक तर मला कायम करणार, नाही तर माझ्या जागी दुसरं कोणी पाहणार. कमिटीतल्या दोघा जणांचं मत होतं की प्रयोगशाळेत बाई शोभत नाही. अध्यक्ष श्रीपादराव यांचं काय मत होतं ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण ते फारसं बोलत नसत. त्यांच्या वाटणीचंही बोलणं त्यांच्या पत्नी विमलाबाई उरकत. विमलाबाई महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या.

मार्चअखेर विमलाबाईंनी मला बोलावून घेतलं. अक्षय्य तृतीयेला मंडळाचं चैत्राचं हळदीकुंकू होतं. आदल्या वर्षी अत्तर मुंबईहून बोटीने मागवलं होतं. बोटीत त्या बाटलीला रॉकेलच्या डब्याचा शेजार मिळाला आणि साठ बायका हाताला कंदिलाचा वास घेऊन घरी गेल्या. यंदा अत्तर गावातच व्हावं, असं विमलाबाईंनी ठरवलं होतं. शाळेत शास्त्राच्या बाई आहेत, त्या काय फक्त बेडूक कापायला आहेत का, असं त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "बघते."

बघते म्हणजे मी खरोखर बघणार होते. पुस्तकं पाहीन, शक्य आहे का ते ठरवीन आणि मग सांगेन, असा त्याचा अर्थ. पण अध्यक्षांच्या पत्नीसमोर उमेदवारीवरल्या शिक्षिकेने म्हटलेल्या "बघते"चा अर्थ तसा होत नाही. संध्याकाळपर्यंत बाजारात सगळ्यांना कळलं होतं की मास्तरीणबाई अत्तर काढणार.

अत्तर कशाचं काढायचं, याबद्दल सल्ला न देणारा माणूस त्या आठवड्यात मला भेटला नाही. समोरचा दत्ताराम शिंपी म्हणाला, सुरंगीचं काढा. मुख्याध्यापकांनी गुलाबाचं सुचवलं. मालवणात गुलाब कुठे आहे असं विचारल्यावर ते म्हणाले की तो तपशील तुम्ही पाहा. नाजूक फुलांचा वास वाफेत मरतो, हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं. मला हवं होतं चिवट तेल, आणि ते आमच्या मागीलदारीच उभं होतं. कोन्सेसांवबायच्या परड्यात दालचिनीचं एक झाड होतं. सालीला दालचिनीचा वास येतो, पण पान चुरगाळलं तर थेट लवंगेचा. या पानात आणि लवंगेत एकच द्रव्य असतं, त्याला युजेनॉल म्हणतात, असं मी अक्काला सांगितलं. अक्का पान हुंगून म्हणाली, "मगे लवंगेचा झाड कित्याक लावतत लोक?" 

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बकपात्रात ओंजळभर पानं घालून पाहिली. तीन थेंब तेल निघालं. तीन थेंबांत साठ बायका होत नाहीत. मोठं भांडं हवं होतं.

कोन्सेसांवबायने ते ऐकलं आणि माळ्यावर शिडी लावली. तिचा नवरा फॉस्टिन दारूबंदीचा कायदा येण्याआधी काजूची फेणी काढी. पंचक्रोशीत त्याच्या फेणीचं नाव होतं. कायदा आल्यावर त्याने तांब्याचं भाण धुऊन, पुसून माळ्यावर ठेवलं आणि दोन वर्षांनी स्वतःही गेला. पुढे त्या भाण्यात सात वर्षं कोंबड्या अंडी घालत होत्या. "कोंबयेक दुसरी जागा करतंय," कोन्सेसांवबाय म्हणाली, "तू घे गो बाय. फॉस्टिनचा काय तरी कामाक येवंदे."

आम्ही विहिरीच्या पलीकडे तीन दगडांची चूल मांडली, भाण बसवलं, झाकणाची सांध कणकेने लिंपली आणि तांब्याची नळी थंड पाण्याच्या पिंपातून फिरवून बरणीत सोडली. विस्तव लागला, धूर निघाला. आणि एप्रिल महिना, म्हणजे काजूचा हंगाम.

शिकलेल्या माणसाला स्वतःच्या हेतूची इतकी खात्री असते की बाहेरून तो कसा दिसतो हे त्याच्या ध्यानातच येत नाही. मी दालचिनीच्या पानांचं ऊर्ध्वपातन करत होते. गावाला दिसत होतं की फॉस्टिनची भट्टी नऊ वर्षांनी पुन्हा पेटली आहे. दुपारपर्यंत तिघांना खोकला झाला. त्यांतला एक जण रिकामी बाटली घेऊनच आला आणि औषधापुरती द्या म्हणाला. मी त्याला पाझरलेलं पाणी हुंगायला दिलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाईट वाटलं. फॉस्टिनच्या भाण्याची अशी बेअब्रू त्याला सोसली नव्हती.

पहिली खेप मी संध्याकाळी उतरवली आणि बरणी रात्रभर स्थिर राहू दिली, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं होईल. सकाळी शाळेत परीक्षेची देखरेख होती. जाताना अक्काला म्हटलं, मी आल्यावर तेल काढू. अक्काने माझे कष्ट वाचवायचं ठरवलं. मी परतले तेव्हा ओट्यावर एक पातेलं झाकून ठेवलं होतं.

"वरचा सगळा काढून ठेवलंय," ती म्हणाली. "खालचा पाणी केळीक घातलंय."

माझ्या आत्याने साठ वर्षं स्वयंपाक केला होता. तेल वर तरंगतं आणि पाणी खाली राहतं, हे तिला जगात कोणी शिकवायची गरज नव्हती. पण हे एक तेल असं आहे की ते पाण्यापेक्षा जड असतं आणि तळाला बसतं. ते मला माहीत होतं. तिला सांगायचं मात्र राहून गेलं. पातेल्यात शुद्ध पाणी होतं आणि पाच शेर पानांचं तेल केळीच्या बुंध्यात. ती केळ पुढे सुकली. मरेपर्यंत तिला लवंगेचा वास येत होता. अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चूक तिची आणि रुसवाही तिचाच. आमच्या घरात असंच चालतं, आणि मला त्याची सवय आहे.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः चुलीशी बसले. बरणीच्या तळाशी सोन्यासारखं तेल जमू लागलं आणि त्याच वेळी परड्याच्या दगडी गडग्यावरून खाकी टोपी दिसली.

जयरामसाहेब साताऱ्याकडचे. उंच, मिशीवाले, मितभाषी. त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. गाव त्यांना नुसतं 'दारूबंदी' म्हणे. दारूबंदी आली, दारूबंदी जेवायला बसली, दारूबंदीला मलेरिया झाला. त्यांच्यासोबत एक शिपाई होता. दत्तारामाला पंच म्हणून बोलावण्यात आलं, कारण तो आधीच येऊन उभा होता.

पंचनामा दीड तास चालला. तांब्याचं भाण एक, नळी एक, पिंप एक, बरणी एक, त्यात दुधाळ पाणी. दुधाळ पाण्यापाशी साहेब थांबले. दारूचा प्रकार लिहावा लागतो. काजूची, माडाची, गुळाची. लवंगेची असा रकाना नव्हता. मी सांगत होते की ही दारूच नाही. ते शांतपणे म्हणाले की हे सगळेच सांगतात. मग दत्तारामाने मला मदत करायची म्हणून सांगितलं की बाई फार चांगल्या आहेत, फॉस्टिनपेक्षाही स्वच्छ काम करतात. साहेबांनी तेवढंच वाक्य लिहून घेतलं.

भाण, नळी आणि बरणी जप्त झाली. नमुना मुंबईला तपासणीला जाणार होता आणि अहवाल यायला सहा महिने लागणार होते. हळदीकुंकू तीन आठवड्यांवर होतं, कमिटीची बैठक त्याच्या नंतरच्या सोमवारी. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं, खिडकी लावली आणि हळू आवाजात विचारलं की शाळेचं नाव पंचनाम्यात कुठे आलंय का. मला नोकरी हवी होती. अक्काचं आणि माझं पोट त्यावर होतं, शिवाय आणखी एक गोष्ट होती जी मी कोणाला सांगत नसे. त्या पोरांनी पहिल्यांदा निळा लिटमस लाल होताना पाहिला तेव्हाचे त्यांचे चेहरे मला पुन्हा पुन्हा पाहायचे होते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या कचेरीत गेले. कारकुनाने आधी एक फॉर्म दिला. भट्टी लावण्याचं कारण: औषधी, औद्योगिक की लष्करी. मी सांस्कृतिक असं लिहू का विचारलं. तो म्हणाला, रकान्याबाहेर लिहिलं तर फॉर्म रत्नागिरीला जाईल, आणि रत्नागिरीला गेलेलं काही परत येत नाही. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि साहेबांकडे दोन पेले पाणी मागितलं.

एका पेल्यात शाळेच्या दिव्यातलं स्पिरिट ओतलं. ते पाण्यात मिसळून दिसेनासं झालं. दुसऱ्यात त्यांच्याच मुद्देमालातल्या तेलाचा थेंब टाकला. तो गोळी होऊन सरळ तळाशी गेला आणि तिथे बसून राहिला. साहेब वाकून पाहत होते. पुन्हा टाका म्हणाले. मी पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः टाकला. मग ते कारकुनाला म्हणाले, "लिहा. बुडणारा पदार्थ. दारू बुडत नाही, माणूस बुडवते. सोडून द्या."

मला वाटतं, साताऱ्याच्या त्या माणसाने नोकरीत पहिल्यांदाच विनोद केला असावा, कारण कारकुनाने तोही लिहून घेतला.

भाण परत आलं. तेल परत आलं. मी ते घेऊन विमलाबाईंकडे गेले. त्यांनी हुंगलं आणि डोळे मिटले. "सुशीलाबाई," त्या म्हणाल्या, "हे दाढेचं औषध आहे."

त्यांचं बरोबर होतं. लवंगेचं तेल सगळ्या गावाला दाढदुखीमुळेच माहीत. साठ सवाष्णींच्या हाताला दाढेचा वास लावणं काही बरं दिसलं नसतं. पण आता मला ईर्ष्या चढली होती. कॉलेजात आम्ही एक प्रयोग केला होता. युजेनॉल कॉस्टिक पोटॅशबरोबर खूप तापवलं की त्याच्या रेणूतला एक दुवा जागा बदलतो आणि त्याचा सख्खा भाऊ तयार होतो, आयसोयुजेनॉल. घर तेच, माणसं तीच, फक्त एकाने पाट दुसरीकडे मांडलेला. पण वास पालटतो. दवाखाना जाऊन फूल येतं, तिखटपणा मऊ होतो. अत्तरवाले याच द्रव्याने विलायती फुलांचा वास करतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत वाळूची कढई करून, दोन दिवस स्टोव्हशी बसून मी ते केलं. वास आला तेव्हा खिडकीबाहेरून जाणारा पोस्टमन थांबला.  विमलाबाईंनी तर लगेच मनगट पुढे केलं आणि तीळतेलात मिसळून पातळ केलेला एक थेंब लावून घेतला. नंतर म्हणाल्या, श्रीपादरावांशी बोलते.

मी माझ्या हातावर थेंब लावून एक दिवस वाट पाहिली. काही झालं नाही. वहीत लिहिलं: त्वचेवर परिणाम नाही. ते वाक्य आज वाचलं की मला माझी लाज वाटते.

आनंदात माणूस उदार होतो. मी एका लहान कुपीत थोडं तेल भरलं, तेही पातळ न केलेलं, आणि जयरामसाहेबांना आभार म्हणून नेऊन दिलं. त्यांनी कुपी उघडली, हुंगली आणि कापसाचा बारीक फाया भिजवून उजव्या कानाच्या घडीत बसवला. घरंदाज पुरुष अत्तर असंच लावतात. मी पाहत होते. तुम्ही विचाराल, शास्त्र शिकलेल्या बाईने त्यांना थांबवलं का नाही. नाही थांबवलं. त्यांच्या कानातून येणारा वास मला माझ्या पदवीदान समारंभासारखा वाटत होता.

त्यानंतर बारा दिवस सगळं सुरळीत चाललं. त्यावरूनच मला संशय यायला हवा होता.

अक्षय्य तृतीयेला चार दिवस राहिले असताना दत्तारामाने बातमी आणली. दारूबंदीचा कान सुजला आहे. आदल्या दिवशी तो जास्वंदीसारखा लाल होता आणि आज बटाटेवड्याएवढा झाला आहे. गावाला कारण ताबडतोब सापडलं. फॉस्टिनचं भाण उचललं ना. अक्काच्या मते विधवेच्या जिनसेला हात लावला की असं होतं. कोन्सेसांवबायच्या मते परड्यात देवचार, म्हणजे जागेची राखण करणारं भूत, आहे आणि त्याची परवानगी न घेता साहेब गडग्यावरून आले. दत्तारामाने साहेबांना कडुनिंबाची धुरी सुचवली होती. साहेबांनी ती घेतली होती, देवचाराला विडी आणि भाकरी ठेवली होती, आणि आता वडाखालच्या देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरलं होतं.

मी तशीच वडाखाली गेले. पंचवीसेक माणसं जमली होती. शिवा गुरव नारळ हातात धरून उभा होता आणि साहेब टोपी काढून, मान तिरकी करून समोर. ज्यांच्या भीतीने माणसं गडगे उडी मारून पार करत, ते साहेब बिचारे चुकलेल्या पोरासारखे दिसत होते.

"बा देवा म्हाराजा," शिवाने सुरू केलं, "हो साहेब परमुलखातलो माणूस. सरकारी कामात त्याच्या हातसून चूक झाली असात, बाईमाणसाची जिनस उचलली असात, तर ती पोटात घाल आनि ह्याचो कान होतो तसो कर, म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आनि दुसऱ्या कोणाक ह्यातला काय म्हायत आसात, तर तेका बुद्धी दी, म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हटलं. म्हणता म्हणता मला वास आला. लवंगेचा नव्हे, त्याच्या भावाचा. साहेबांच्या सुजलेल्या कानात ताजा फाया होता.

माझ्या कॉलेजच्या वहीत एक ओळ आहे. बाईंनी सांगितलेली, मीच लिहून घेतलेली. काही द्रव्यांना त्वचा पहिल्या भेटीत काही म्हणत नाही. ती ओळख लक्षात ठेवते आणि दहा-बारा दिवसांनी बोलते, आणि सगळ्यांची बोलत नाही. परीक्षेत ही ओळ लिहून मी गुण मिळवले होते. वडाखाली उभी असताना ती मला पहिल्यांदा कळली.

आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट कळली. मी गप्प राहिले तर कोणालाही काही समजणार नाही. कानाचा दोष देवचाराकडे गेला होता आणि देवचाराची काही तक्रार नव्हती. माझा हात स्वच्छ होता. चार दिवसांनी हळदीकुंकू, मग सोमवारी बैठक, आणि मी कायम.

शिवाने नारळ फोडला. मी पुढे झाले आणि म्हटलं, "साहेब, कानातला कापूस काढा."

"दुखतंय म्हणून तर लावतो, बाई," ते म्हणाले. "त्या वासाने बरं वाटतं. दिवसातून दोनदा बदलतो."

मी सांगितलं. सगळं, सगळ्यांसमोर, प्रयोगवहीत लिहावं तसं क्रमाने: तेल काय आहे, मी ते पातळ न करता दिलं, पुरेशी परीक्षा न करता दिलं, आणि कान माझ्यामुळे सुजला आहे.  साहेबांनी कापूस काढून तळहातावर घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे गुन्हा झालाच होता. मला फक्त सापडला नव्हता." आणि डॉक्टरकडे गेले. शिवा मात्र म्हणाला की गाऱ्हाणं लागू पडलं. त्याच्या बोलण्यात मला अजून खोट काढता आलेली नाही.

मग मी विमलाबाईंकडे जाऊन तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्वतःचं मनगट दाखवलं. रोज लावत होत्या, एक पुटकुळी नव्हती. माझंही तसंच होतं, हे मी कबूल केलं.

"मग एका कानासाठी एवढं कशाला?" त्या म्हणाल्या. "घाटावरचा माणूस. त्याला इथली हवा बाधली असेल."

"तिघांनी लावलं, एकाला बाधलं," मी म्हटलं. "तीन माणसांवरून काही सिद्ध होत नाही. पण साठ जणींच्या हाताला लावायची परवानगीही मिळत नाही."

विमलाबाईंनी शास्त्र बाजूला ठेवून सरळ त्रैराशिक मांडलं. तिघांत एक, साठांत वीस. वीस बायका, तसल्या सुजलेल्या हातांच्या, आणि अत्तर त्यांच्याच घरी लावलेलं. त्यांचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या की अत्तर होणार असं त्यांनी कुडाळपर्यंत सांगितलं आहे. आणि मग म्हणाल्या, "सोमवारी बैठक आहे, माहीत आहे ना?"

मी माहीत आहे म्हटलं आणि घरी आले.

अक्काने त्या दिवशी न मागता चहा केला. ती चहा करते म्हणजे परिस्थिती गंभीर असते. कोन्सेसांवबाय पायरीवर बसून कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "वास घेवचो नाकान, मगे लावतत कित्याक हाताक?"

 दोन वर्षं मी पोरांना सांगत होते की प्रश्न नीट विचारला की अर्धं उत्तर मिळतं. तो प्रश्न नीट विचारणारी बाई शाळेत तिसरीपर्यंत गेली होती.

अक्षय्य तृतीयेला विमलाबाईंच्या अंगणात मांडवाच्या वाऱ्याच्या बाजूला, बायकांपासून दहा हातांवर, फॉस्टिनचं भाण चुलीवर ठेवलं. चिंचेने घासून लख्ख केलेलं. त्यात उकळतं पाणी आणि तासातासाने तेलाचे पाच थेंब, माझ्या हातून, काचेच्या नळीने. हाताला अत्तराऐवजी प्रत्येकीला ओवळांचा, म्हणजे बकुळीचा, गजरा. वाफ मांडवात अशी पसरली की येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यातच थांबून मान वर करी. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, आणि सगळ्यावर तो वास.

कुडाळहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना ते चकाकणारं भाण म्हणजे देवीचा कलश वाटला. त्यांनी त्याला लांबूनच हात जोडले, मग जवळ जाऊन हळद लावली, कुंकू लावलं. त्यांच्या मागून दुसरीने लावलं. मी आवरायला धावले तोवर रांग लागली होती. संध्याकाळपर्यंत गावातली सर्वांत नामांकित फेणीची भट्टी हळदीकुंकवाने भरून गेली. कोन्सेसांवबाय पदर तोंडाला लावून बघत होती. मला वाटलं, रडते आहे. जवळ गेले तर म्हणाली, "फॉस्टिन आसतो तर हसान हसान मेलो असतो गो." आणि मग खरंच थोडी रडली.

सोमवारच्या बैठकीला मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. दार उघडं होतं. प्रयोगशाळेत बाई शोभत नाही म्हणणाऱ्यांपैकी एकाने पंचनाम्याचा विषय काढला. भट्टी लावणं, पंचनामा होणं, सरकारी अधिकाऱ्याला अपाय करणं. तिन्ही एका महिन्यात. ऐकताना माझीही खात्री पटत चालली की अशा बाईला ठेवू नये.

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. जयरामसाहेब आले. डोक्याभोवती पांढरी पट्टी, कानापाशी गाठ, वर टोपी तिरकी. माझ्याकडे न बघता ते आत गेले आणि उभ्यानेच बोलले.

"अठरा वर्षांत मी साडेतीनशे पंचनामे केले," ते म्हणाले. "प्रत्येक माणसाने सांगितलं, साहेब, मी नाही त्यातला. ज्या गुन्ह्याचा मला पत्ता नव्हता तो पंचवीस माणसांत स्वतः येऊन सांगणारं माणूस मला एकदाच भेटलं. ते बाहेर बाकावर बसलंय. माझी पोरं इथे शाळेत असती तर मी त्यांना त्या माणसाच्याच वर्गात घातलं असतं."

 मग श्रीपादरावांचा आवाज आला. दोन वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकत होते. ते म्हणाले, "दौत कुठे आहे?"

कान आठ दिवसांत बरा झाला. साहेबांना पुढे बदली मिळाली, पण दर अक्षय्य तृतीयेला त्यांचं पत्र येई. त्यात एकच ओळ असे: कान ठीक आहे. मीही उलट टपाली त्यांना एकच ओळ लिही: आभारी आहे.

उरलेलं तेल मी शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं आणि बाटलीवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: त्वचेवर वापरू नये, विशेषतः कानाला. पुढे तीस वर्षं प्रत्येक वर्गातलं एक तरी पोर विचारी की बाई, विशेषतः कानाला का. त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवत असे.